गुलाबी गोळी, निळी गोळी

पेठ-सुरगाण्याच्या वाडीवरची शाळा असो की सिडकोतली, दुपारची खिचडी पोटात गेली की आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळायला हवी. पहिली ते पाचवीला गुलाबी: ४५ मिलिग्रॅम लोह. सहावीपासून पुढे निळी: ६० मिलिग्रॅम. दोन्हींत फॉलिक ॲसिड. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी, कारण जंतांमुळे शरीरातलं लोह कमी होतं.

मेंदूला प्राणवायू पोचवायला आणि लक्ष टिकवणारी रसायनं घडवायला लोह लागतं. ते कमी पडलेलं मूल पेंगतं, पाढे विसरतं. आणि आपण त्याला आळशी म्हणतो, हे फार वाईट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली.

गोळीचा फायदा मुख्यतः लोह कमी असलेल्या मुलांना होतो. रक्त चांगलं असलेल्या मुलाला महागडी ‘बुद्धिवर्धक’ पावडर पाजून मार्क वाढतील, असं मानायला भक्कम आधार नाही.

गोळी उपाशीपोटी नको, मळमळतं. चहासोबत तर नकोच; लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं, घाबरू नका. घरात नागलीची भाकरी, शेवग्याचा पाला हवाच, जमल्यास अंडंही.