केरळची तारीख आणि आपली पेरणी

मे सरत आला की अवघा देश केरळच्या किनाऱ्याकडे डोळे लावून बसतो. १ जून ही तिथली सर्वसाधारण तारीख. मॉन्सून चार दिवस आधी पोचला तर वर्ष बरं जाणार आणि लांबला तर धडगत नाही, हा हिशेब वर्तमानपत्रांपासून बांधापर्यंत चालतो. नोंदी मात्र त्याला दाद देत नाहीत. २००९ साली मॉन्सून २३ मे रोजीच केरळात आला आणि हंगामअखेर देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. २०१९ साली तो ८ जूनला आला, जून बराचसा कोरडा गेला, तरी हंगाम ११० टक्क्यांवर संपला. १९७२ साली तो १८ जूनपर्यंत रखडला आणि दुष्काळ पडला, हे खरं. पण २०२५ साली २४ मे रोजी येऊन त्याने १०८ टक्के पाऊस दिला. लवकर आणि उशिरा, भरपूर आणि तोकडा, सगळ्या जोड्या घडून गेल्या आहेत.

यात नवल नाही. आगमन जाहीर होतं ते १० मेनंतर, ठरावीक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडला, पश्चिमी वारे पुरेशा उंचीपर्यंत पोचले आणि ढग दाटले की. या कसोटीत जुलैबद्दल अवाक्षर नाही. पुढचा पाऊस बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणि उत्तर भारतावरची मॉन्सूनची द्रोणी ठरवतात. ती द्रोणी हिमालयाच्या पायथ्याला सरकली की तिकडे धो धो आणि मध्य भारतात खंड. २००२ साली मॉन्सून २९ मे रोजी वेळेवर आला होता, पण जुलैत पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्मा झाला. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, सोयाबीन नेमकं फुलोऱ्यात-शेंगेत असताना. त्यात देश एवढा मोठा की तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातला, आणि सोलापूरच्या रब्बी ज्वारीची सारी भिस्त हस्ताच्या पावसावर.

मग तारखा निरुपयोगी का? तसं नाही. हवामान विभागाने २०२० साली त्या सुधारल्या, तेव्हा मुंबईचं आगमन १० जूनवरून ११ वर, म्हणजे जवळपास जागच्या जागी राहिलं. माघार मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. जुन्या तारखा १९०१ ते १९४० मधल्या मोजक्या केंद्रांच्या होत्या, तेव्हा हा सगळा फरक हवामानबदलाच्या खात्यावर टाकणं घाईचं ठरेल. तरी काढणीच्या तोंडावर लांबणारा पाऊस ज्याला सोसायचा आहे, त्याला ही दुसरी तारीख पहिलीपेक्षा महत्त्वाची. कोणी म्हणेल, नक्षत्रांवर बाप-आजे पेरतच होते की. होते, आणि मृगापासून हस्तापर्यंत पंधरवड्या-पंधरवड्याने हंगामाकडे पाहण्याची ती रीत एका तारखेपेक्षा शहाणी होती. पण नक्षत्र सूर्याची जागा सांगतं, जमिनीतली ओल नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला त्या ओलीचाच आहे. २०२५ साली २६ मे रोजी मुंबईत पोचलेला मॉन्सून पुढे जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला, तेव्हा प्रश्न आगमनाचा नव्हता. पेरलेल्या बियाण्याला पुढचे पंधरा दिवस पाणी मिळेल का, हा होता, आणि त्याचं उत्तर जिल्ह्या-जिल्ह्याला वेगळं होतं.