चिंचोळीच्या रानवाटा

बिदरच्या दक्षिणेस, कलबुर्गी जिल्ह्यातील तुरीची शेते संपता संपता चिंचोळीचे सागवनी डोंगर लागतात. चंद्रमपल्लीच्या धरणाभोवती मनसोक्त पायी हिंडावे, असाच हा मुलूख आहे. इंग्लंडच्या डोंगरांत दमलेला वाटसरू मद्यगृहाचे दार ठोठावतो. येथे तो लमाणांच्या तांड्याकडे वळतो. पाणी मागावे लागत नाही. मागोमाग ज्वारीची भाकरीही येते. मात्र २०११ साली येथील सुमारे १३५ चौरस किलोमीटर रान अभयारण्य ठरले. वन्य प्राण्यांना अभय लाभले हे उचितच. परंतु याच यजमानांच्या चराईवर व सरपणावर निर्बंध आले. तेव्हा वनखात्याची अनुज्ञा घेऊन, शिदोरीसह, पावसाळ्याअखेरीस जावे. वाटाड्या तांड्यातलाच घ्यावा आणि त्याची मजुरी आधीच ठरवावी. भाकरीचे पैसे तो घेणार नाही.