सिंगलबारवरची बेरीज

आम्हा नाशिककरांना कसरत पाहायची नजर मल्लखांबाने दिली. मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणणारे, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर निफाडजवळच्या कोठुऱ्याचे. त्यामुळे पाय जुळलेत का, बोटं ताणलीत का, हे आम्ही आधी बघतो. पण तेवढ्यावर जिम्नॅस्टिक्सचा निकाल कळत नाही. म्हणून नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या घरी, बाहेर हॉर्न वाजत असताना, पॅरिस ऑलिम्पिकची सिंगलबारची अंतिम फेरी मी पेन्सिल घेऊन, थांबवत थांबवत पाहिली.

पंचांची दोन कामं वेगळी असतात. एक गट फक्त काठिण्य मोजतो, त्याला ‘डी’ म्हणतात. दुसरा सफाईचे दहा गुण धरून चुका वजा करत जातो, तो ‘ई’. ‘डी’चे पंच बारवरची नजर न काढता कागदावर खुणा उमटवतात. प्रत्येक कसरतीला अक्षर ठरलेलं : ए म्हणजे 0.1, बी 0.2, डी 0.4, असं चढत जातं. तेव्हाच्या नियमाने उतरणी धरून दहा कसरती मोजत. शिवाय झोके, बार सोडून झेप, बारालगतच्या फिरक्या आणि उतरणी या चार प्रकारांचे वेगळे गुण. दोन अवघड झेपा लागोपाठ घेतल्या तर थोडी भर. तीच कसरत पुन्हा केली तर शून्य. हँडस्टँड 45 अंशांहून जास्त कलला तर सफाईचे गुण जातातच, पण कसरतही धरत नाहीत. मला सगळ्यात निर्दय नियम हाच वाटतो.

त्या दिवशी जपानचा ओका शिन्नोसुके आणि कोलंबियाचा 17 वर्षांचा आंखेल बाराखास यांचे गुण सारखेच होते : 14.533. बाराखासचं काठिण्य 6.6, ओकाचं 5.9. म्हणजे बाराखासने 0.7 ची आघाडी घेतली होती आणि सफाईत ती पूर्ण गमावली : त्याचे 7.933, ओकाचे 8.633. बरोबरी झाली की सफाई सरस धरतात, म्हणून सुवर्ण ओकाला. सौदा उघड आहे. अक्षर एका पायरीने वाढलं की 0.1 मिळतो, पण हात जरा जास्त वाकला तर 0.3 जातात आणि पडलं तर पूर्ण 1. प्रशिक्षकाचं खरं काम ही बेरीज आधी करून ठेवण्याचं.

पूर्वी दहाच्या वर गुण नव्हते. 2004 च्या अथेन्समध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-योंगच्या समांतर बारच्या संचाचं मूल्य 10 ऐवजी 9.9 धरलं गेलं आणि त्याला कांस्यावर थांबावं लागलं. त्या वादानंतर 2006 पासून काठिण्याला वरची मर्यादा उरली नाही.

2025 पासून पुरुषांच्या संचात दहाऐवजी आठच कसरती मोजतात. पुढची स्पर्धा पाहाल तेव्हा पडद्यावर ‘डी’चा आकडा येण्याआधी तुमची बेरीज मांडून ठेवा.