खेळाडूचा संयम आणि ख्रिस्ती त्याग : पौलाच्या एका दृष्टान्ताचा विचार

मराठीत ‘त्याग’ हा एकच शब्द दोन भिन्न कृतींसाठी योजिला जातो. इष्ट फल पदरात पडावे म्हणून मनुष्य जे सोडतो तोही त्याग, आणि दुसऱ्याच्या हितासाठी आपल्या हक्काचे जे सोडतो तोही त्यागच. खेळाडूची कठोर तयारी आणि ख्रिस्ती श्रद्धेतील आत्मसमर्पण यांचे साम्य दाखविताना हा भेद सहसा नजरेआड होतो. वास्तविक या तुलनेचा एक प्राचीन आधार असलेल्या ग्रंथातच, म्हणजे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तो भेद अंतर्भूत आहे.

पौल इ. स. ५० च्या सुमारास करिंथ येथे आला व तेथे सुमारे दीड वर्ष राहिला. या नगराजवळच इस्थमियाचे क्षेत्र होते. पोसायडन या सागरदेवतेच्या सन्मानार्थ दर दोन वर्षांनी होणारे क्रीडामहोत्सव त्या क्षेत्राच्या नावाने प्रसिद्ध होते. ऑलिंपियाच्या विजेत्यास ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे. इस्थमियाचा मुकुट पाइनच्या फांदीचा किंवा सेलरीच्या वाळलेल्या पानांचा असे. या मुकुटासाठी सोसावे लागणारे कष्ट मात्र मोठे होते. ऑलिंपियातील स्पर्धकांना आपण सलग दहा महिने नियमपूर्वक सराव केला असल्याची शपथ घ्यावी लागे, असे दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पॉसेनियस नमूद करतो. पत्राच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस पौल धावपटू व मुष्टियोद्धा यांचा दृष्टान्त देतो, खेळाडूच्या सर्वांगीण संयमाकडे लक्ष वेधतो आणि त्याच्या नाशवंत मुकुटाशेजारी श्रद्धावंताचा अविनाशी मुकुट ठेवतो. करिंथच्या वाचकांना याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नव्हती.

परंतु हा दृष्टान्त संदर्भातून तोडून वाचला, तर तो केवळ चिकाटीचा उपदेश ठरतो. आठव्या अध्यायापासून चाललेला वाद निराळा आहे. मूर्तींना अर्पण केलेले मांस खाण्यास हरकत नाही, कारण मूर्तीला सत्ताच नाही, असे करिंथच्या मंडळीतील काही जाणत्यांचे म्हणणे होते. तत्त्वतः पौलास ते मान्य आहे. तथापि ज्यांची सदसद्विवेकबुद्धी दुर्बल आहे अशा बांधवांना त्यामुळे ठेच लागत असेल, तर ते स्वातंत्र्य वापरू नये, असा त्याचा निर्णय आहे. पुढे तो स्वतःचेच उदाहरण देतो. मंडळीकडून निर्वाह घेण्याचा त्याला अधिकार होता, आणि तो अधिकार त्याने वापरला नाही. या विवेचनानंतर खेळाडू अवतरतो. खेळाडू ज्या अन्नपानाचा व सुखाचा त्याग करतो ते काही पाप नसते. ते त्याच्या हक्काचेच असते. साम्य आहे ते एवढ्यापुरते.

येथून पुढे दोन वाटा वेगळ्या होतात. शर्यतीत मुकुट एकाचाच असतो, आणि खेळाडूचा संयम अखेर त्याच्या स्वतःच्या यशाचे साधन असतो. पौलालाही आपण अपात्र ठरू नये ही चिंता आहेच. पण त्याला हवे असलेले फल इतरांसह वाटून घ्यावयाचे आहे. दुसऱ्याला हरवून ते मिळत नाही.

प्रारंभीच्या ख्रिस्ती परंपरेने हा दृष्टान्त पुढे नेला. अंत्युखियाचा इग्नेशियस पॉलिकार्पला देवाचा मल्ल म्हणून संबोधतो. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे हुतात्मा झालेल्या पर्पेच्युआला कारागृहात दिसलेल्या दृष्टान्तात ती मल्लयुद्ध जिंकते व विजयाची फांदी स्वीकारते. मल्लांच्या सरावासाठी रूढ असलेला ‘आस्केसिस’ हा ग्रीक शब्द पुढे मठवासी तपश्चर्येचा वाचक बनला. आखाड्यात ज्याचा देह पराभूत झाला त्यालाच मुकुट देणारी ही परंपरा क्रीडेची भाषा घेते, पण तिच्या विजयाची कसोटी स्वीकारीत नाही.

आधुनिक काळात हे दोन्ही त्याग एकाच आयुष्यात दिसतात ते स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल याच्या चरित्रात. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्याने ती सोडली. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटात ही गोष्ट त्याला प्रवासास निघताना कळते असे दाखविले आहे; प्रत्यक्षात ती त्याला कित्येक महिने आधी ठाऊक होती. त्या अवधीत त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. १९२५ मध्ये तो मिशनरी म्हणून चीनला गेला. १९४३ पासून तो वेइश्येन येथील जपानी नजरबंदी छावणीत होता आणि २१ फेब्रुवारी १९४५ रोजी तेथेच मेंदूतील अर्बुदाने मृत्यू पावला. छावणीत तो मुलांचे खेळ घेई, परंतु रविवारी पंच होण्यास नकार देई. पंचाविना मुलांची भांडणे होऊ लागली, तेव्हा त्याने रविवारीही पंचाचे काम पत्करले, असे सहबंदींच्या आठवणींत आले आहे.

ज्या नियमासाठी त्याने १०० मीटरची शर्यत सोडली, त्याच नियमाचे पालन त्याने मुलांसाठी सोडले. वरवर पाहता ही विसंगती वाटते. पौलाच्या युक्तिवादाच्या प्रकाशात मात्र ती सुसंगतीच ठरते. १९२४ चा त्याग निष्ठेचा होता, छावणीतील त्याग प्रीतीचा. पहिल्याची नोंद क्रीडेच्या इतिहासात राहिली. पौलाने ज्यासाठी खेळाडूचा दृष्टान्त योजिला, तो अर्थ दुसऱ्यात अधिक पूर्णपणे प्रकट झाला. समर्पणाची तीव्रता दोन्ही क्षेत्रांत सारखी असू शकते. ते कोणासाठी आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून त्यांची तुलना पूर्ण होत नाही.