टक् की टंग? क्यूच्या अंगातल्या करामती

नागपुरातल्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये संध्याकाळी सातनंतर जा. रॅकमधले बरे क्यू, म्हणजे गोटीला मारायच्या काठ्या, आधीच गेलेले असतात. उरलेल्यातला एक उचलून पोरं तो टेबलावर लोळवतात. टोक उड्या मारायला लागलं की शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, "सोड ना भाऊ, वाकडा हाय तो!" अख्ख्या, एकसंध क्यूसाठी ही परीक्षा चालते. दोन तुकड्यांच्या क्यूचा मात्र कधीकधी नुसता जोड किंचित तिरका बसलेला असतो आणि दोन्ही तुकडे सरळच असतात. म्हणून तुकडे सोडवून वेगवेगळे लोळवायचे आणि मग एक डोळा मिटून टोकापर्यंत नजर टाकायची.

हे झालं रॅकमधल्या क्यूचं. पण मापं देऊन, लाकूड निवडून घडवून घेतलेला क्यू लाखाच्या घरातही जातो. त्यात असं असतं तरी काय?

आधी आपल्या भागाचा मान. स्नूकर जन्मलं ते १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने 'ब्लॅक पूल' या खेळात आणखी रंगीत गोट्या घातल्या आणि नवा खेळ उभा राहिला. (हा चेंबरलेन पुढे पंतप्रधान झालेला नव्हे, नावं तेवढी सारखी.) त्या काळात जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर! जन्म कुठला यावर पुढे वाद झाले, तेव्हा म्हाताऱ्या चेंबरलेनने १९३८ मध्ये 'द फील्ड' या नियतकालिकाला पत्र लिहून हक्क सांगितला. आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीयही याच हिरव्या टेबलावरचा. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद जिंकलं.

हाताला कळतं तोवर गोटी गेलेली असते

क्यूचं टोक आणि पांढरी गोटी एकमेकांना किती वेळ चिकटून असतात? सेकंदाचा हजारावा भाग, फार तर दोन हजारांश. हातातून मेंदूपर्यंत निरोप पोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे ज्याला आपण 'फील' म्हणतो, तो गोटी निघून गेल्यावर लाकडातून येणारा थरथराट असतो आणि त्यात निम्मा वाटा कानाचा. पूलच्या क्यूचा जोड स्टीलच्या कॉलरचा असेल तर 'टंग' असा करकरीत आवाज येतो. लाकडाला लाकूड भिडत असेल तर मऊसा 'टक्'. या दोन जोडांवरून खेळाडू तासन्‌तास भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: जोड बदलून शॉट फारसा बदलत नाही, आवाज बदलतो. पण आवाजाला कमी लेखू नका. रोज तोच आवाज ऐकून हाताला सवय लागते आणि जरा चुकीचा लागलेला फटका कान लगेच पकडतो.

सगळा खेळ वीतभर टोकात

आता खरी गंमत. व्हाइटला मधोमध न मारता साइड दिली की गोटी नेम धरलेल्या रेषेवरून थोडी उलट्या बाजूला सरकते. याला खेळाडू डिफ्लेक्शन म्हणतात. उजवी साइड मारली तर गोटी डावीकडे, डावी मारली तर उजवीकडे. कारण साधं आहे. फिरणारी गोटी टोकाला बाजूला ढकलते. टोक जड असेल तर ते हटत नाही, मग गोटीलाच हटावं लागतं. टोक हलकं असेल तर तेच बाजूला होतं आणि गोटी बरीचशी सरळ जाते. यात हिशेब धरायचा तो पुढच्या सुमारे वीतभर लांबीच्या वजनाचा. मागच्या मुठीवर शिंपल्याची नक्षी असो की चांदीची कडी, या बाबतीत तिचा काडीचा उपयोग नाही.

अमेरिकेतल्या प्रिडेटर कंपनीने १९९४ च्या सुमारास हे सूत्र धरून टोकाकडे हलकी केलेली शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा भाग, बाजारात आणली. पुढे कार्बन फायबर आलं. कार्बनची काळी शाफ्ट वाकत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते. मात्र तिचा आवाज पोकळ, आणि मेपलवर वाढलेल्या माणसाला तो पहिले काही दिवस परका वाटतो. मेपलच्या साध्या शाफ्टवरून कार्बनवर आलात की आधीचा सगळा नेम विसरावा लागतो, कारण हात डिफ्लेक्शन गृहीत धरूनच मारत असतो. उसन्या क्यूने सोपा पॉट का हुकतो, याचंही बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

चामड्याचा तो एवढासा तुकडा

टोकावरची चामड्याची टिप शोधली ती फ्रान्सच्या फ्रँस्वा मँगो याने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आख्यायिका अशी की ती त्याला तुरुंगात सुचली. त्याआधी उघड्या लाकडाने मारायचे, म्हणजे स्क्रू (गोटी मागे फिरवणारा फटका) किंवा साइड मारायला गेलं की टोक घसरायचं. आजच्या महागड्या टिपा डुकराच्या चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून बनतात. त्यामुळे जुन्या टिपेसारख्या त्या लवकर पसरून छत्री होत नाहीत. आणि टिपेला चोळायचा चॉक? नावाला खडू. १८९७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या चॉकमध्ये सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड होतं, म्हणजे जवळपास पॉलिश पेपरचाच माल!

तेंदूपत्त्याचा भाऊबंद

स्नूकर क्यूची मूठ काळीभोर असते, ती आबनूसची. लाकूड इतकं घट्ट की अस्सल आबनूस पाण्यात बुडतं. मागे वजन हवं म्हणूनच ते तिथे. या आबनूसची प्रजाती (जीनस) डायॉस्पायरॉस, आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात ज्याची पानं विडीसाठी तोडतात तो आपला तेंदूही त्याच प्रजातीतला. जुन्या तेंदूच्या गाभ्यातलं लाकूडही काळंच निघतं. लंडनच्या कारागिराने घडवलेला क्यू हातात आला तर मुठीकडे बघून विदर्भाची आठवण काढायला हरकत नाही.

पुढचा भाग अ‍ॅशचा किंवा मेपलचा. अ‍ॅशवर बाणासारख्या रेषा दिसतात. बरेच खेळाडू वरचा बाण नेहमी एकाच बाजूला ठेवून क्यू धरतात, म्हणजे दर वेळी लाकूड त्याच बाजूने वाकतं. मेपल गुळगुळीत आणि जवळपास कोरा. काहींना नजरेपुढे रेषा नको असतात, त्यांनी मेपल घ्यावा.

एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका

स्नूकरची गोटी साडेबावन्न मिलिमीटरची, पूलची सव्वासत्तावन्नच्या आसपास आणि जड. म्हणून स्नूकर क्यूची टिप साडेनऊ-दहा मिलिमीटर, पूलची बारा-तेरा. स्नूकरच्या नाजूक क्यूने पूलचा ब्रेक फोडायला जाल तर टिप उडेल, टिपेखालची पितळी फेरूल सैल होईल. पट्टीचे पूलवाले ब्रेकसाठी कडक टोकाचा वेगळा क्यू बाळगतात. नियमाने पूलचा क्यू किमान ४० इंच लांब हवा आणि २५ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ७०० ग्रॅमपेक्षा, जड नको.

किमतीचं म्हणाल तर दोन किस्से पुरेत. 'द कलर ऑफ मनी' या १९८६ च्या सिनेमात टॉम क्रूझच्या हातातल्या क्यूला बालाबुश्का म्हटलंय. जॉर्ज बालाबुश्का हा न्यू यॉर्कचा जगप्रसिद्ध कारागीर. प्रत्यक्षात पडद्यावर होता तो जॉस कंपनीचा क्यू, आणि जगाने तो बिनदिक्कत बालाबुश्का मानला. दुसरा किस्सा स्नूकरपटू स्टीफन हेंड्रीचा. सात जागतिक विजेतेपदं त्याने चाळीस पौंडांच्या क्यूने जिंकली! २००३ मध्ये थायलंडहून परतताना विमानाच्या सामानात तो क्यू मोडला. त्यानंतर हेंड्रीच्या नावावर आठवं जागतिक विजेतेपद लागलं नाही.

नागपूरकरांसाठी खास

इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि जुलैत हवा ओलीचिंब. लाकूड उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात फुगतं. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत क्यू ठेवलात तर सरळ क्यू वाकडा व्हायला वेळ लागत नाही. भिंतीला तिरका टेकवून महिनोन्‌महिने ठेवू नका. केसमध्ये, आडवा किंवा अगदी उभा ठेवा. हात घामेजून शाफ्ट चिकटत असेल तर पावडर थापू नका, टेबलाच्या कापडाची वाट लागते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा किंवा हातमोजा घाला.

आणि पहिला स्वतःचा क्यू घेणार असाल तर पैसे या क्रमाने घाला: सरळ शाफ्ट, चांगली टिप, तुमच्या उंचीला बसणारी लांबी, आणि उरले तर नक्षी. घेतल्यावर वर्षभर तोच वापरा, मित्राचा कितीही चकचकीत दिसला तरी.