फलाटापासून विमानाच्या दारापर्यंत : गॅटविकचे रेल्वे स्थानक

विमानतळाला शहरापासून काहीसे दूरच राहावे लागते, कारण धावपट्टीसाठी लागणारी सलग सपाट जमीन आणि विमानांच्या चढउताराला लागणारे मोकळे आकाश दाट वस्तीत मिळत नाही. मात्र या दूरपणामुळे आकाशात वाचवलेला वेळ प्रवाशाला पुष्कळदा रस्त्यावर गमवावा लागतो. या अडचणीवर रेल्वेचा उपाय किती आधी आणि किती विचारपूर्वक योजला गेला होता, हे लंडनच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या गॅटविक विमानतळाच्या स्थानकाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

लंडन ते ब्रायटन हा लोहमार्ग १८४१ मध्ये सुरू झाला, तेव्हा गॅटविक परिसर निव्वळ शेतीचा होता. १८९१ मध्ये तेथे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले आणि शर्यतीला येणाऱ्यांसाठी रेल्वेने त्याच्या शेजारीच एक स्थानक बांधले. पहिल्या महायुद्धात लिव्हरपूलजवळचे एन्ट्रीचे मैदान लष्कराच्या ताब्यात गेल्यामुळे १९१६ ते १९१८ या तीन वर्षांत ग्रँड नॅशनल या विख्यात शर्यतीच्या जागी घेतलेली शर्यत याच मैदानावर झाली. पुढे १९३० मध्ये शर्यतीच्या मैदानालगत एक छोटे विमानक्षेत्र सुरू झाले आणि काही वर्षांतच मॉरिस जॅकामन या उद्योजकाने तेथे खऱ्या अर्थाने विमानतळ उभारायचे ठरवले. लोहमार्ग शेजारीच असल्याने टर्मिनल, म्हणजे प्रवाशांच्या चढउताराची व तपासणीची इमारत, त्या मार्गाशीच जोडावी, ही त्याच्या योजनेतील मध्यवर्ती कल्पना होती. त्यानुसार ३० सप्टेंबर १९३५ रोजी टिन्सली ग्रीन नावाचे नवे स्थानक उघडले आणि १ जून १९३६ पासून त्याला ‘गॅटविक एअरपोर्ट’ हे नाव मिळाले.

होअर, मार्लो आणि लव्हेट या वास्तुविशारदांनी रचलेली ही टर्मिनल इमारत वर्तुळाकार होती, आणि तिच्या आकारामुळे लोक तिला ‘बीहाइव्ह’, म्हणजे मधमाश्यांचे पोळे, म्हणू लागले. वर्तुळाचा आग्रह शोभेसाठी नव्हता. लांबट इमारतीच्या एकाच बाजूला विमाने उभी राहू शकतात, तर गोल इमारतीच्या सभोवार ती लावता येतात आणि मध्यापासून प्रत्येक विमानापर्यंतचे चालणे जवळजवळ सारखेच राहते. इमारतीतून रुळांवर पुढे सरकणारे, कापडी आच्छादनाचे बोळ थेट विमानापर्यंत नेता येत. दुसऱ्या बाजूला स्थानकाच्या फलाटापासून इमारतीपर्यंत भुयारी मार्ग होता. १७ मे १९३६ रोजी येथून पॅरिसला पहिले नियमित उड्डाण झाले, आणि ४ पौंड ५ शिलिंगांच्या तिकिटात लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकापासूनचे पहिल्या वर्गाचे रेल्वेभाडेही धरलेले होते. बर्लिनमध्ये टेम्पेलहोफ विमानतळाजवळ भुयारी रेल्वेचे स्थानक १९२७ मध्येच झाले होते, हे खरे. परंतु एकाच तिकिटावर, पावसाचा थेंबही अंगावर न घेता प्रवाशाला लंडनच्या फलाटावरून विमानाच्या दारापर्यंत नेणारी इतकी सलग व्यवस्था ही गॅटविकची खरी कामगिरी होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या विमानांपुढे ही सुबक इमारत अपुरी पडली. हीथ्रोला पर्यायी विमानतळ म्हणून गॅटविकचा विकास करण्याचा निर्णय सरकारने १९५२ मध्ये घेतला, १९५६ ते १९५८ या काळात विमानतळ बंद ठेवून त्याची पुनर्बांधणी झाली आणि नवे टर्मिनल शर्यतीच्या मैदानाच्या जुन्या स्थानकालगत उभे राहिले. त्यामुळे मे १९५८ मध्ये ‘गॅटविक एअरपोर्ट’ हे नाव त्या स्थानकाकडे आले आणि टिन्सली ग्रीनचे स्थानक कायमचे बंद झाले. ९ जून १९५८ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथने विमानतळाचे उद्घाटन केले, तेव्हा टर्मिनलमधून जिना उतरून फलाटावर पोहोचता येत होते. कितीतरी मोठ्या हीथ्रोला लंडनची भुयारी रेल्वे १९७७ मध्ये पोहोचली, हे लक्षात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते.

१९८४ मध्ये व्हिक्टोरिया ते गॅटविक हे अंतर सुमारे अर्ध्या तासात न थांबता कापणारी ‘गॅटविक एक्स्प्रेस’ सुरू झाली. परंतु रूळ तेच राहिले आणि त्यांवर नित्य कामावर जाणारे हजारो लोक व अवजड सामान घेतलेले विमानप्रवासी एकत्र आले. दोन मोठ्या पेट्या असलेल्या माणसाला डब्यात चढायला वेळ लागतो, त्यामुळे गाडी फलाटावर ठरल्यापेक्षा अधिक थांबते आणि तिच्या मागच्या गाड्याही खोळंबतात. अरुंद फलाट व मोजके जिने असलेल्या स्थानकात ही कोंडी आणखी वाढते. म्हणूनच सुमारे २५ कोटी पौंड खर्चून स्थानकाचा विस्तार करण्यात आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दुप्पट मोठा झालेला प्रवासी कक्ष, रुंद केलेले दोन फलाट, नवे सरकते जिने व लिफ्ट प्रवाशांसाठी खुले झाले.

केवळ नावात विमानतळ असल्याने भागत नाही, हे लंडनच्या उत्तरेकडील ल्यूटनने दाखवून दिले आहे. तेथील ‘ल्यूटन एअरपोर्ट पार्कवे’ स्थानक १९९९ मध्ये उघडले, पण पुढील चोवीस वर्षे प्रवाशांना तेथे उतरून टर्मिनलसाठी पुन्हा बस धरावी लागे. दोहोंना जोडणारी, दोरखंडाने ओढली जाणारी चालकरहित गाडी २०२३ मध्ये आली. नकाशावरचे किलोमीटर थोडे असले तरी, सामान घेऊन एका वाहनातून दुसऱ्यात जाण्याचे कष्ट वृद्धांना आणि लहान मुलांबरोबर प्रवास करणाऱ्यांना फार मोठे वाटतात.

मुंबईकरांना हा अनुभव परका नाही. पश्चिम रेल्वेचे विलेपार्ले स्थानक सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलच्या इतके जवळ असूनही उपनगरी गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला पुढे रिक्षा वा टॅक्सीच शोधावी लागते. मुंबईच्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठी भुयारी स्थानके असलेली मेट्रो ३ ही मार्गिका प्रवाशांसाठी खुली झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, गॅटविकच्या त्या पहिल्या भुयारी मार्गानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.