चाळीस घरांना पुरून उरणारा विषाणू

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, काही जेमतेम तीस-चाळीस घरांच्या. अशा वाडीत गोवर शिरला तर पोरं पाठोपाठ आजारी पडतात, बरी होतात, आणि लागण व्हायला कुणी उरतच नाही. गोवर तिथेच संपतो. त्याला कायमचा मुक्काम ठोकायचा तर अडीच ते पाच लाखांची वस्ती लागते. हर्पिस कुळातल्या विषाणूंचं मात्र तेवढ्याशा वाडीत पिढ्यानपिढ्या भागतं. सत्तरच्या दशकात फ्रान्सिस ब्लॅक यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या एकाकी जमातींचं रक्त तपासलं, तेव्हा हेच दिसलं: गोवराचा मागमूस नाही, हर्पिस मात्र ठाण मांडून.

गुपित लाळेत आहे. हे विषाणू एकदा शिरले की शरीर सोडत नाहीत. कुणी चेतापेशींत दडतो, कुणी पांढऱ्या पेशींत, आणि अधूनमधून जागा होऊन तोंडात उतरतो. आईला ताप नाही, फोड नाही, काही म्हणजे काही नाही. तरी तिच्या लाळेत विषाणू असतो. तिच्या लहानपणी शिरलेला!

पहिले काही महिने बाळाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडं सांभाळतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास ती ओसरू लागतात, आणि नेमकं तेव्हाच आपण उष्टावण करतो. आई भात बोटांनी कुस्करते, जरासा चाखते, फुंकर घालून भरवते. थोरली बहीण आपल्या तोंडातलं बिस्कीट काढून धाकट्याच्या तोंडात घालते. अंगणवाडीत एकाचा चोखलेला खुळखुळा दुसऱ्याकडे जातो.

अमेरिकेत सिॲटलमध्ये २७७ बाळांची लाळ जन्मापासून दोन वर्षं नियमित तपासली गेली. २००५ साली निष्कर्ष आले: एचएचव्ही-६ हा हर्पिस कुळातला विषाणू वर्षाच्या आत ४० टक्के बाळांत पोहोचला होता, दोन वर्षांत ७७ टक्के. काही बाळांना त्यातून तीन-चार दिवस सणसणून ताप येतो, आणि ताप उतरता उतरता अंगावर गुलाबी पुरळ उठतं. गोवराचं उलट असतं, तिथे पुरळ भर तापात येतं. ताप उतरल्यावर असं पुरळ उठलं म्हणून काही घाबरायचं नाही. पण ताप आणि पुरळ दिसलं की आशाताईंना सांगावंच, गोवर नाही हे डोळ्यांनी ठरत नाही.

मग वाटा उलटतात. सीएमव्ही नावाचा याच कुळातला विषाणू लागलेलं लहान मूल महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, लाळेतून आणि लघवीतून तो बाहेर टाकत राहतं, मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. घेणारा आता देणारा होतो. निरोगी माणसाला एरवी हे निरुपद्रवीच, पण गरोदर बाईला गर्भारपणात हा विषाणू लागला, विशेषतः पहिल्यांदाच, तर पोटातल्या बाळाच्या कानांना धोका असतो. तेव्हा थोरल्याची लाळ पुसल्यावर साबणाने हात धुणं आणि त्याचं उष्टं न खाणं एवढं पथ्य तिने पाळावं.

सीएमव्हीच्या जनुकीय मजकुरात सुमारे २ लाख ३५ हजार अक्षरं आहेत. कोरोनाच्या विषाणूत ३० हजारांच्या आसपास. एवढा मोठा बारदाना घेऊन सीएमव्ही आला कुठून? चिंपांझीलाही स्वतःचा सीएमव्ही आहे, आणि तोच आपल्या सीएमव्हीचा सर्वांत जवळचा नातेवाईक. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या तेव्हा दोघांचे विषाणूही वेगळे होत गेले. म्हणजे वाडीतल्या आजीकडून आईकडे, आईकडून बाळाकडे आलेली ही साखळी माणूस माणूस होण्याच्या आधीपासून चालू आहे.